सौदीचा व्हिसा आला, पण त्यावर पेशा कोणता लिहिलाय?

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत घरातला कोणी ना कोणी आखातात आहे. समुद्रापलीकडच्या या शेजारावर आपली घरं उभी राहिली. पण व्हिसा आला की आपण पगार विचारतो, तिकीट विचारतो. व्हिसावर पेशा कोणता लिहिलाय, हे विचारायचं राहून जातं. खरी गोम तिथेच आहे.

सौदीत कामगाराचा इकामा कफीलच्या, म्हणजे मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. पूर्वी त्याच्या मर्जीशिवाय नोकरी बदलता येत नसे, की घरी परतता येत नसे. 14 मार्च 2021 पासून नियम बदलले. खासगी कंपनीतला कामगार एक वर्षानंतर, नोटीस देऊन, कफीलच्या परवानगीविना दुसरी नोकरी धरू शकतो. एक्झिट व्हिसाही ‘अबशर’वरून स्वतः मागू शकतो.

पण ही सवलत सगळ्यांना नाही. घरकामगार, हाऊस ड्रायव्हर, माळी, शेतमजूर, मेंढपाळ यांना या सुधारणेतून वगळलं होतं. म्हणजे दोन भाऊ गाडीच चालवत असले, तरी कंपनीच्या व्हिसावर गेलेल्याचे हक्क वेगळे आणि घरगुती व्हिसावर गेलेल्याचे वेगळे.

त्याहून मोठा धोका ‘आझाद व्हिसा’चा. एजंट सांगतो, “कफील नावालाच, काम कुठेही करा.” सौदीच्या कायद्यात असा व्हिसाच नाही. कफील सोडून दुसऱ्याकडे काम करणं गुन्हा आहे. कफीलने ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, तर अटक आणि परत पाठवणी होऊ शकते. मग बुडालेला पगार मागायचा कोणाकडे?

म्हणून पैसे देण्याआधी एवढं करा. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. कायद्याने त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढीच फी घेता येते. करारातला पेशा, पगार आणि व्हिसावरचा पेशा जुळतो का, ते बघा. दहावी पास नसलेल्यांना ईसीआर पासपोर्ट मिळतो. त्यांनी एमिग्रेशन क्लिअरन्स आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा घेतल्याशिवाय निघू नये. व्हिजिट व्हिसावर कामाला तर मुळीच जाऊ नये.

मजुराचा हक्क वेळेत द्यावा, ही आपल्या दीनची शिकवण. पण हक्क मागायलाही हातात खरा कागद लागतो. तो घरातच, निघण्याआधी, सगळ्यांनी बसून वाचू या.