आधी कोणती साखर?

१९४० साली पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. त्याच शहरात, सोरबॉन विद्यापीठात, जाक मोनो हे तरुण संशोधक जिवाणूंची वाढ मोजत होते. ई. कोलाय जिवाणूंना क्षारांच्या पाण्यात दोन शर्करा द्यायच्या आणि ते पाणी किती गढूळ होत जातं हे ठरावीक वेळाने नोंदवायचं, एवढाच प्रयोग. शर्करांच्या काही जोड्यांत आलेख सलग चढला. ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यावर मात्र जिवाणू भराभर वाढले, मध्येच थांबले आणि काही वेळाने पुन्हा वाढू लागले. ग्लुकोज जास्त घातलं की पहिला टप्पा तेवढाच लांबायचा. ग्लुकोज संपेपर्यंत लॅक्टोजला हातच लागत नव्हता.

डिसेंबरमध्ये मोनोंनी हा आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवला. अन्न बदललं की जिवाणू त्याला पचवणारी नवी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार करतात, त्यातलाच हा प्रकार असावा असं ल्वॉफ यांनी सुचवलं. मोनोंना ही कल्पना तोवर ठाऊकही नव्हती! १९४१ च्या प्रबंधात त्यांनी या दोन टप्प्यांच्या वाढीला ‘डायऑक्सी’ असं नाव दिलं. पुढे युद्धातली प्रतिकार चळवळ आली, पण प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९६१ साली फ्रान्स्वा जाकोब यांच्यासह त्यांनी जनुकं चालू-बंद कशी होतात याचा आराखडा मांडला आणि १९६५ चं नोबेल या दोघांना ल्वॉफ यांच्याबरोबर मिळालं.

वाढ थांबलेल्या त्या मधल्या खंडात पेशी काय करत असते? लॅक्टोज फोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर चार साखळ्यांचं असतं आणि प्रत्येक साखळीत हजारावर अमिनो आम्लं असतात. लॅक्टोज नसताना पेशीत या विकराचे जेमतेम काही रेणू असतात. गरज पडली की ते हजारो होतात. इतकी प्रथिनं बांधायला कच्चा माल, ऊर्जा आणि वेळ लागतो. ग्लुकोज हाताशी असताना हा खर्च करणाऱ्या पेशी वाढीत मागे पडतात.

निवड होते ती पेशीच्या दारातच. ग्लुकोज आत येताना त्याला फॉस्फेट जोडला जातो, आणि हा फॉस्फेट काही प्रथिनांमधून हातोहात येतो. ग्लुकोज मुबलक असलं की त्यातल्या एका प्रथिनाकडे फॉस्फेट उरत नाही. ते रिकामं प्रथिन लॅक्टोज आत आणणाऱ्या वाहकाला चिकटतं आणि त्याला अडवतं. लॅक्टोज आत न आल्यामुळे ते पचवणाऱ्या विकराच्या जनुकांवर बसून ती बंद ठेवणारा दमनकारक उठत नाही. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांनी याचं मुख्य श्रेय सीएएमपी या संदेशवाहक रेणूला दिलं. १९९६ साली जपानमध्ये तोशिफुमी इनादा, हिरोजी ऐबा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ग्लुकोजवर वाढताना आणि लॅक्टोजवर वाढताना पेशीतलं सीएएमपीचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. खरा अडसर वाहकापाशी आहे. ही दुरुस्ती वर्गांपर्यंत अजून पुरती पोहोचलेली नाही, याची खंत वाटते.

‘ग्लुकोज आधी’ हा सगळ्या जिवाणूंचा नियम मानणं ही त्याहून मोठी चूक. योगर्टच्या विरजणातला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस लॅक्टोजच पसंत करतो. त्यातला ग्लुकोजचा अर्धा भाग तो वापरतो आणि गॅलॅक्टोज बरंचसं बाहेर टाकतो; दुधातच राहणाऱ्याने आणखी कशाची सोय ठेवावी? माती-पाण्यात आढळणारे स्यूडोमोनास तर सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्लं आधी संपवतात, ग्लुकोजकडे नंतर वळतात. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वाधिक घनभाग असतो तो बाळाला पचवता न येणाऱ्या लहान शर्करा-साखळ्यांचा. बाळाच्या आतड्यातले काही बिफिडोबॅक्टेरिया नेमके त्यांवरच पोसले जातात.

जपानमधलं उदाहरण तर थक्क करणारं आहे. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरी शेवाळात पॉर्फिरान ही शर्करा-साखळी असते. ती फोडणारं विकर फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या संशोधकांना एका सागरी जिवाणूत सापडलं. २०१० साली त्यांनी दाखवलं, की त्याच घराण्याची जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबियस या जिवाणूतही आहेत. तपासलेल्या उत्तर अमेरिकी नमुन्यांत ती आढळली नाहीत. शेवाळाबरोबर पोटात गेलेल्या सागरी जिवाणूंकडून ती आली असावीत.

जिवाणूंच्या या आवडीनिवडींवर रोगनिदानही चालतं. मॅकॉन्की अगार या जिवाणू वाढवायच्या लॅक्टोजयुक्त माध्यमावर लॅक्टोज आंबवणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात, तर टायफॉइडचा साल्मोनेला लॅक्टोज आंबवत नसल्याने त्याच्या वसाहती रंगहीन राहतात. १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गरमधून पसरलेल्या ई. कोलाय ओ१५७ या रोगकारक प्रकाराने पेच टाकला, कारण तोही लॅक्टोज आंबवतो. पण बहुतेक ई. कोलायना जमणारं सॉर्बिटॉल त्याला झटपट आंबवता येत नाही, म्हणून लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल घातलेल्या प्लेटा वापरात आल्या. पुढे जर्मनीत सॉर्बिटॉल आंबवणारे ओ१५७ सापडले. त्यामुळे आता प्लेटवरच्या रंगाच्या जोडीला जिवाणूच्या शिगा विषाची चाचणीही केली जाते.