इसामपूर : हत्यारांपेक्षा कपच्या बोलक्या

कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात, हुणसगी खोऱ्यात इसामपूर हे गाव आहे. गावाजवळच्या ओढ्याकाठी पुराश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारे घडवण्याची जागा गाळाखाली दबून राहिली होती. वरची माती खणून नेल्यावर ती उघडी पडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी १९८३ मध्ये ती शोधून काढली आणि १९९७ पासून तेथे रीतसर उत्खनन झाले.

जागेची निवड दगडामुळे झाली होती. सिलिकामुळे कठीण झालेल्या चुनखडीचा थर येथे जमिनीलगतच होता आणि त्याचे आपसूक तुकडे होऊन लाद्या सुटलेल्या होत्या. कारागीर लादी निवडत ती जाडी पाहून. पातळ लादी हाती आली, की दोन्ही बाजूंनी कडा छिलून तिचीच हातकुऱ्हाड केली जाई. जाड लादीची रीत वेगळी. आधी तिची कड ठोकून घाव बसेल असा कोन साधायचा, मग जड दगडाच्या एका घावात मोठा छिलका काढायचा आणि त्या छिलक्यापासून हातकुऱ्हाड किंवा रुंद, सरळ धारेचे क्लीव्हर घडवायचे. कुठला घाव कुठे घालायचा, हे पहिल्या ठोक्याआधीच ठरलेले असे. ठोकण्यासाठी चुनखडी चालत नसे. त्यासाठी बेसाल्ट, क्वार्टझाइट आणि चर्टचे गोटे वापरलेले दिसतात.

बहुतेक प्राचीन स्थळी पाण्याने वाहून आलेली, इकडेतिकडे विखुरलेली हत्यारेच हाती लागतात. इसामपूरला मात्र लाद्या, ठोकण्याचे गोटे, अर्धवट सोडलेली हत्यारे आणि कपच्यांचे ढीग जागच्या जागी राहिले. कारागीर जिथे बसला, तिथेच त्याचा कचरा पडून आहे. घडवण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने उलगडते ती या कचऱ्यामुळे, म्हणून तयार हत्यारांपेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

हत्यारांबरोबर गाय-बैल कुळातील प्राण्यांचे दातही मिळाले. दातांच्या एनॅमलवर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स पद्धतीने केलेल्या चाचणीत सरासरी वय सुमारे १२ लाख वर्षे आले. ही हत्यारे घडवणाऱ्या माणसाचा सांगाडा येथे मिळालेला नाही. २००१ मध्ये हे वय प्रसिद्ध झाले, तेव्हा भारतासाठी ते फारच जुने होते. पुढे २०११ मध्ये तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कमची, हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर घडवण्याच्या याच परंपरेतील हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली, त्यामुळे इसामपूरचा आकडा आता एकाकी राहिलेला नाही.