मानेचा पट्टा निघाला, हिशेब बाकी!

सिग्नलला गाडी उभी, मागून धाडकन धडक आणि मानेला झटका. डॉक्टर याला ‘व्हिपलॅश’ म्हणतात. ना प्लास्टर, ना टाके. ऑफिसात सगळे म्हणणार, ‘दिसतोस तर ठणठणीत!’ पण तासभर कॉम्प्युटरसमोर बसलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने हातावर तुटपुंजी भरपाई ठेवली, तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ नुसार निवाड्यापासून ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. उशिराला सबळ कारण असेल, तर कोर्ट तो माफ करू शकतं. वादातली रक्कम मात्र एक लाखाच्या खाली नको.

लढायचं कशावर? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय, की सर्टिफिकेटवरचे अपंगत्वाचे टक्के तसेच्या तसे कमाईच्या नुकसानीला लावायचे नाहीत. त्या दुखापतीने तुमच्या कामावर आणि कमाईवर किती परिणाम झाला, ते पाहायचं.

एक मेख आहे. अपिलात नवे पुरावे सहजासहजी घेतले जात नाहीत. म्हणून एमआरआय, फिजिओथेरपीची बिलं, रजेच्या नोंदी, पगारकपात दाखवणाऱ्या स्लिपा पहिल्या दिवसापासून फाइलला लावा आणि न्यायाधिकरणातच दाखल करा. मानेतली कळ कोर्टाला दिसत नाही, कागद दिसतो.