नरनाळ्यावर संपलेली इमादशाही

वऱ्हाडकरांनो, शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटोपलेली ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे. अचलपूरच्या इमादशाहीत तुफालखान या सरदाराने सत्ता बळकावली आणि बालराजा बुऱ्हाण इमादशहाला नरनाळा किल्ल्यावर कैदेत ठेवले. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाडावर स्वारी केली. 1574 मध्ये नरनाळा पडला, गाविलगडही गेला. तुफालखान, त्याचा मुलगा शमशेर-उल-मुल्क आणि बुऱ्हाण विजेत्याच्या हाती सापडले. मुर्तजाने बंडखोर आणि राजा यांत फरकच केला नाही. सगळ्यांना तुरुंगात टाकले, तिथेच ते मेले. बुऱ्हाणचा मृत्यू मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. त्याचा गुन्हा एकच, तो गादीचा खरा वारस होता! ही इमादशाही जिथे संपली, त्या अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचा देखणा महाकाली दरवाजा जरूर पाहा.