जमाखर्चांतील ‘अंतस्थ’ : एक खुलासा

पेशवाईंतील महालांचे हिशेब चाळणारांस ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ हे शब्द परिचयाचे आहेत. त्यांचा अर्थ ‘लांच’ एवढाच सांगून पुढें जाण्याचा प्रघात आहे. हा अर्थ खोटा नाहीं, पण अपुरा आहे. ती लांच असेल तर हिशेबांत लिहिली कशी, आणि लिहिली असेल तर ती ‘अंतस्थ’ कशी, ही शंका त्यानें फिटत नाहीं. तिचा उलगडा करण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

(१) प्रथम हिशेबाची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. मामलतदार किंवा कमाविसदार हा महालाचा मुख्य अंमलदार; तथापि हिशेब त्या एकट्याच्या हातीं नसे. त्याजबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत. दिवाण हुकुमांवर आपली निशाणी करी. मुजुमदार हिशेब पाहून मान्य करी. फडणीस तारीख घालून रोजकीर्द राखी. दफ्तरदार तीवरून खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरांत पाठवी. पोतनीस रोकडीचा हिशेब ठेवी व पोतदार नाणें पारखी. या दरकदारांस दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नसे. ते हुजुरास जबाबदार असत. एकाच रुपयाची नोंद निरनिराळ्या हातांनीं व्हावी, आणि त्या हातांवर मामलतदाराची सत्ता नसावी, हें या रचनेचें मर्म होय.

(२) ही रचना असतांही पैसा झिरपे. एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ सालीं लिहिलेला व १८२१ सालीं कलकत्त्यास छापलेला अहवाल विजेत्याच्या लेखणींतला आहे, म्हणून तो सावधपणें वाचावा. परंतु या एका बाबतींत त्यांतील निरूपण फार मार्मिक आहे. वसूल लपविणें, सुटीच्या नांवें खोटा खर्च घालणें, खोटी हजिरी मांडणें, हे मामलतदाराच्या चोरट्या प्राप्तीचे मार्ग त्यांत सांगितले आहेत. ही प्राप्ति पचावी म्हणून दरबारी मंडळी व हिशेब तपासणारे कारकून यांची मूठ दाबावी लागे. तेंच मूळचें अंतस्थ. पुढें या रकमा दरसाल ठरावीक होऊन बसल्या. ठरावीक झाल्या म्हणून त्या उघड लिहिल्या जाऊं लागल्या, आणि लिहिल्या जाऊं लागल्या म्हणून इतर खर्चाप्रमाणें तपासल्याही जाऊं लागल्या. लांच होती ती हक्क झाली. परंतु घेणारांची अपेक्षा त्यामुळें संपली नाहीं. नव्या लांचेसाठीं रयतेवर नवी पट्टी बसली, आणि या नाजूक रकमांची झडती कोणी बारकाईनें घेत नसल्यामुळें मामलतदार वरच्यांच्या नांवें गोळा करी त्यांतला मोठा वांटा आपणच ठेवी. सारांश, ‘अंतस्थ’ हें कलम म्हणजे जुन्या लांचेचें उघड झालेलें नांव. चालू लांच त्या कलमाच्या बाहेर शोधावी लागते.

(३) दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (१७९६ ते १८१८) हा रोग बळावला. पूर्वीं मामलत अनुभवी माणसास मिळे व वर्तन ठीक नसल्यास काढून घेतां येई. आतां ती इजाऱ्यानें, अधिक बोली करील त्यास, मिळूं लागली. पुढल्या वर्षीं त्याहून अधिक बोलणारा आला कीं पहिल्याचा महाल जाई. मोठ्या इजारदारानें पोटइजारे द्यावे, पोटइजारदारानें गांवांवर भार टाकावा, अशी उतरंड लागली. वर्षापलीकडे ज्याचा भरंवसा नाहीं, त्यास पुढल्या हंगामाची काळजी काय म्हणून असावी? याच काळांत हुजूर दप्तराचीही हेळसांड झाली, हा केवळ योगायोग नव्हे. बोलीवरच सर्व मदार आल्यावर तपासणी कोणास हवी?

(४) तथापि हा दोष एका राजवटीचा मानूं नये. शिवछत्रपतींनीं १६७६ सालीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रांत, चोरी न करण्याची जी शपथ त्यांनीं वाहिली होती तिची आठवण दिली आहे. म्हणजे हें भय तेव्हांही होतेंच. इंग्रजी अंमलांत इजारा मोडला. पण १८८८ सालीं मध्य भागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांजवर, नेमणुका व बदल्यांसाठीं मामलतदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप आला. चौकशी मंडळानें लांचेचा आरोप शाबीत मानला नाहीं. मात्र आपल्या हद्दींतील लोकांकडून कर्ज काढल्याचें शाबीत धरलें, आणि त्यांस नोकरींतून दूर करण्यांत आलें. पैसे दिल्याचें कबूल करणाऱ्या साक्षीदारांच्या संरक्षणार्थ १८८९ सालीं कायदा करावा लागला. येथें पुराव्याची सारी भिस्त देणारांच्या तोंडावर होती. ‘अंतस्थ’ असें कलम धरलेला जमाखर्च नव्हता.

(५) यावरून निघणारा बोध आजही उपयोगी आहे. शपथ घेवविली, कलम उघड केलें, एवढ्यानें काम भागत नाहीं. लिहिणारा हात खर्च करणाऱ्या हाताच्या मुठींत नसावा, मक्ता देतांना बोलीबरोबर माणसाची पूर्वपीठिकाही पाहावी, आणि कागद जपला जाऊन दुसऱ्यास पाहावयास मिळावा, या तीन गोष्टी एकत्र हव्यात. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें, कोणी मागण्यापूर्वींच कांहीं माहिती सरकारी कार्यालयांनीं स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, असा दंडक घातला. तो यांतील तिसऱ्या गोष्टीचा आहे. पहिल्या दोहोंवांचून तो पांगळाच राहील.

(६) शेवटीं संग्राहकांस दोन विनंत्या. ‘अंतस्थ’ लिहिलेला कागद हातीं लागतांच त्या मामलतदारास लांचखाऊ ठरवूं नये. रक्कम दरसाल तीच आहे कीं वाढती, हें आधीं पाहावें. दुसरें, फर्द देखणी म्हणून ती रुमालांतून वेगळी काढूं नये. रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद एकाच रुमालांत राहिले तरच एक हात दुसऱ्याची साक्ष देतो. सुटी फर्द मुकी होते, आणि ज्याची चोरी पकडावयाची तो दोनशें वर्षांनंतरही सुटून जातो.