ओट्याचा दगड निवडताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायला काढलं की आपल्याकडे चर्चा होते ती स्लॅबच्या सळईची, दाराच्या चौकटीची आणि वास्तूच्या दिशांची. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड मात्र अगदी शेवटी, हातातले पैसे संपत आले असताना, मिस्त्री म्हणेल तो ठरतो. ज्या बाईला पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या ओट्याशी उभं राहायचं असतं, तिला बहुधा कुणी विचारतच नाही. मी भूशास्त्र शिकवते आणि रोजचा स्वयंपाकही करते. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे, असं मी समजते.

पहिला प्रश्न मला नेहमी विचारला जातो तो असा : आपल्या परभणी जिल्ह्यात जमिनीखाली एवढा काळा दगड असताना ओट्यासाठी बाहेरून दगड का आणायचा? प्रश्न रास्त आहे. आपला काळा फत्तर म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. आजीचा पाटा-वरवंटा आणि जातं याच दगडाचं. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. त्यात वायूचे बुडबुडे अडकून भोकंही राहतात. पाट्यापुरता निर्दोष तुकडा मिळतो. पण सहा-सात फूट लांब आणि पाऊण इंच जाडीची अखंड लादी निघणं कठीण. म्हणून ओट्याचा दगड आपल्याकडे परगावाहून येतो.

जुन्या घरांत तो शहाबादी किंवा कडप्पा असे. शहाबाद कर्नाटकात, कडप्पा आंध्रात. दोन्ही चुनखडीचे, म्हणजे गाळाचे दगड. ते थराथरांनी साचलेले असल्यामुळे त्यांच्या लाद्या सहज सुटतात आणि म्हणूनच ते स्वस्त पडतात. राजस्थानातला कोटाही याच जातकुळीतला. या दगडांचं वैर आंबटाशी. लिंबू, चिंच, टोमॅटो, दही, ताक, यातलं काहीही सांडून राहिलं की आम्ल चुन्याला खातं आणि तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग उरतो. हा डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नसून दगडाची झीज असते. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचंही तेच. देवघराला मकराना शोभतो. फोडणीशेजारी तो आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडप्पा मात्र टाकाऊ नव्हे. ओट्याखालचे कप्पे, उभे आधार, मांडणी यांसाठी त्याच्याइतका किफायतशीर दगड नाही.

ग्रॅनाइट हा अग्निजन्य दगड. जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, म्हणून त्याचे कण मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले. घरातल्या आंबटाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, सुरीनं सहसा ओरखडा उठत नाही, गरम कुकर उतरवून ठेवला तरी बिघडत नाही. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो शास्त्राप्रमाणे ग्रॅनाइट नसतो. आंध्रात चिमाकुर्तीला निघणारा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा गॅब्रो जातीचा खडक आहे. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. ओट्याला तो उत्तमच. फिकट रंगाचे काही ग्रॅनाइट मात्र तेल आणि हळद पितात.

म्हणून दुकानात जाताना पर्समध्ये एक लिंबू ठेवा. दुकान जिंतूर रस्त्यावरचं असो की नांदेडचं, विकण्याच्या लादीवर प्रयोग करू नका. त्याच दगडाचा तुटका तुकडा मागा. लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसा. चकाकी गेली तर दगड चुन्याचा, मग दुकानदार त्याला काहीही म्हणो. दुसऱ्या जागी तेलाचा थेंब ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा. काळ्या दगडावर थिनरचा बोळा घासा. बोळा काळा झाला तर रंग चढवलेला आहे. लादी उलटी करून मागची बाजू बघा. तिथं जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली ते विचारा. ओल्या फडक्यानं पुसून सुकताना पाहिलं की बारीक चीर रेघेसारखी ओली राहते. आणि लादी उन्हात बघा. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक दगड देखणाच दिसतो.

लादी तुटते ती बहुधा बेसिनच्या किंवा शेगडीच्या खाचेपाशी. खाचेचे आतले कोपरे काटकोनात न कापता गोलसर ठेवायला सांगा. पुढच्या बाजूची पट्टी तीन-चार बोटांपेक्षा अरुंद नको. पुण्या-मुंबईचं पाहून आता आपल्याकडेही स्वयंपाकघराच्या मधोमध सुटा ओटा करायची हौस आली आहे. खुर्च्या आत सरकाव्यात म्हणून त्याची कड वीतभराहून अधिक बाहेर काढायची असेल, तर खालून लोखंडी आधार द्यावाच लागतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे थर काळ्या दगडावर फार उठून दिसतात. रोज रात्री ओटा कोरडा पुसला की ते साचत नाहीत. काम संपताना मिस्त्री सगळं ॲसिडनं धुवून देतो म्हणाला, तर ओट्याला हात लावू देऊ नका. कडप्प्याचा त्यात नाश होतो आणि ग्रॅनाइटलाही ते मानवत नाही.

दगड कापणाऱ्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय मात्र हा विषय संपत नाही. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गारगोटी असते. कोरडा कापला की तिची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. या आजारात झालेलं नुकसान भरून येत नाही. गारगोटीचा चुरा आणि राळ यांपासून बनवलेल्या कृत्रिम लाद्यांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. त्या कापणाऱ्या कामगारांना हा आजार जडू लागल्यावर ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा लाद्यांवर बंदीच घातली. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून, बंद खोलीत, कोरडं कटर चालवणारी पोरं आपण रोज पाहतो. रुमालानं ही धूळ अडत नाही. कापायचं काम अंगणात करून घ्या, पात्यावर पाण्याची धार सोडायला लावा आणि त्यासाठी अर्धा दिवस जास्त लागला तर त्याची मजुरी द्या. खाली साचलेला राड ओला असतानाच पोत्यात भरून टाका. तो वाळला आणि झाडू मारला, की तीच धूळ पुन्हा हवेत येते, आणि त्या वेळी घरातली लेकरं तिथंच खेळत असतात.