शून्याचीही नोंद हवी

आरोग्यसेविकेच्या हातात टॅब दिला, लॉगिन-पासवर्ड सांगितला, कोणते बटण कुठे ते दाखवले की प्रशिक्षण आटोपले, असे अनेकांना वाटते. डिजिटल रोगसर्वेक्षणाबद्दलचा हा सर्वांत मोठा गैरसमज. खरा वेळ द्यावा लागतो तो काय नोंदवायचे आणि का, हे शिकवण्याला.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ मध्ये सुरू झाला. तेव्हा उपकेंद्रातून दर आठवड्याला कागदी तक्ता जाई: तापाचे इतके, जुलाबाचे इतके. एप्रिल २०२१ पासून देशभर ‘आयएचआयपी’ हे ऑनलाइन पोर्टल आले. आता एकेका रुग्णाची गावासह नोंद होते आणि तालुक्यापासून दिल्लीपर्यंत ती लगेच पाहता येते.

तपासणीचा अहवाल आल्याशिवाय नोंद करता येत नाही, हा दुसरा समज. प्रत्यक्षात तीन वेगळे फॉर्म आहेत. ‘एस’ लक्षणांचा, तो आरोग्यसेविका भरते, ‘पी’ डॉक्टरांच्या प्राथमिक निदानाचा, ‘एल’ प्रयोगशाळेचा. आरोग्यसेविकेने ‘डेंगी’ लिहिण्याची गरजच नाही. अंगावर पुरळ असलेला ताप, कावीळ, लहान मुलाला अचानक आलेला लुळेपणा, एवढे वेळेवर कळवले तरी पुरते. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये जुलै २०२१ मध्ये तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पाठवलेल्या नमुन्यांत आधी चिकुनगुनिया आढळला. पथकाने गावात जाऊन आणखी नमुने घेतले, तेव्हा एका महिलेला झिका असल्याचे निष्पन्न झाले. राज्यातली ती पहिली नोंद. झिका शोधायला कुणी निघाले नव्हते. माग लागला तो तापावरून.

रुग्ण नसेल तर काही भरायचे नाही, हेही चूकच. रकाना रिकामा राहिला तर गावात आजार नाही की कुणी पाहिलेच नाही, हे वर कळत नाही. म्हणून शून्यही भरायचे.

आकडा वाढला की बोलणी बसतात, ही भीती मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येत नाही. तिच्यामुळेच रुग्ण कागदावर येत नाहीत. म्हणून प्रशिक्षण वरिष्ठांनाही हवे. मोठा आकडा दिसताच त्यांचा पहिला प्रश्न ‘इतके कसे?’ नव्हे, ‘कुठे?’ असा असायला हवा.

आणि साथ संगणक आपोआप ओळखतो, असेही नाही. तो इशारा देतो. खातरजमा गावात जाऊनच होते. रुग्ण वाडीतला आणि पत्ता तालुक्याच्या रुग्णालयाचा लिहिला, तर शीघ्र प्रतिसाद पथक भलत्याच नळाचे पाणी तपासत बसेल.